किरणोत्सर्गाचा आंकडा : भूमीवरचा, जळावरचा आणि आकाशांतला

कोणताही आंकडा त्याच्या अटींसह सांगितला तरच तो ज्ञान होतो. अटी गाळल्या म्हणजे तोच आंकडा अफवा होतो. मुलाला ताप किती, असें विचारल्यावर “शंभर” एवढेंच उत्तर आलें तर घरांतील अनुभवी आजीबाई लगेच विचारतात, “काखेंतला कीं जिभेखालचा ?” वैशाखांत वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर गेला असें आपण वाचतों, तोही सावलींतल्या पेटींत ठेवलेल्या यंत्राचा असतो; तेंच यंत्र अंगणांतल्या फरशीवर ठेवलें तर तें निराळेंच सांगेल. हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु किरणोत्सर्गाचा आंकडा कानीं आला कीं हा साधा विवेक सुटतो, आणि घरांत एक तर विनाकारण धास्ती शिरते, नाहीं तर विनाकारण निश्चिंतता. ह्या दोहोंपैकीं दुसरी अधिक घातक आहे, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

आजकाल खिशांत मावेल एवढें किरणमापक यंत्र बाजारांत मिळतें. घरांतील एखादा हौशी मुलगा किंवा भाचा तें आणतो आणि जेथें जाईल तेथें आंकडे टिपतो. घरच्या अंगणांत यंत्र ताशीं एक दशांश मायक्रोसीव्हर्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दाखवितें; नागपूरहून विमानांत बसून तो दहा किलोमीटर उंच गेला कीं तेंच यंत्र दोन-तीनांवर चढतें; आणि एखाद्या विस्तीर्ण तलावाच्या मध्यावर नावेंत बसून पाहिलें तर अंगणापेक्षांही कमी दाखवितें. ह्यावरून विमान घातक, अंगण बरें आणि तलाव सर्वांत निर्मळ, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो तर्काला धरून आहे असें वरवर वाटेल. वस्तुतः तो तिन्ही ठिकाणीं फसवा आहे. यंत्र खोटें बोललेलें नसतें. तें कोठें धरलें होतें आणि त्याच्या खालीं काय होतें, हें विचारावयाचें राहून गेलेलें असतें.

प्रथम मापाविषयीं दोन शब्द. सीव्हर्ट हें देहावरील किरणपरिणामाचें माप. त्याचा दशलक्षांश तो मायक्रोसीव्हर्ट. माणूस कोठेंही राहिला तरी निसर्गाकडून त्याला कांहीं मात्रा मिळतच असते. ती जगाच्या सरासरीनें वर्षाला सुमारें २,४०० मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास आहे. हिच्यांतील कांहीं भाग श्वासांतून, कांहीं अन्नांतून, कांहीं आकाशांतून आणि कांहीं पायांखालच्या खडकांतून येतो. खडकांत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम हीं द्रव्यें अल्प प्रमाणांत असतात, पण सर्वत्र सारखीं नसतात. आमचें नाचणगांव पुलगांव स्टेशनाच्या शेजारचें, काळ्या मातीवर वसलेलें गांव. ही माती ज्या काळ्या पाषाणापासून झाली त्यांत हीं द्रव्यें कमी आहेत. दक्षिणेकडील ग्रॅनाइटाच्या प्रदेशांत तीं अधिक, आणि केरळांतील चवरा येथील समुद्रकांठच्या वाळूंत तर थोरियमयुक्त मोनाझाइटामुळें पुष्कळच अधिक आहेत. म्हणून ‘नेहमींचा आंकडा’ हा गांवोगांवचा निराळा असतो.

आतां उंचीचा प्रश्न. त्याचा इतिहास मनोरंजक आहे, कारण भूमि, जल आणि आकाश ह्या तिन्ही ठिकाणीं जाऊन मोजणाऱ्या तीन माणसांनीं तो अवघ्या दोन-तीन वर्षांत उलगडला. विसाव्या शतकाच्या आरंभीं विद्वानांची समजूत अशी होती कीं, हवेंत आढळणारे हे भेदक किरण सर्वस्वीं जमिनींतूनच येतात. तसें असेल तर उंच जावें तसतसे ते कमी झाले पाहिजेत. हॉलंडमधील व्हाल्केनबुर्ख येथें पदार्थविज्ञान शिकविणारे थिओडोर वुल्फ नांवाचे जेसुइट पाद्री होते. त्यांनीं प्रवासांत नेतां येईल असें भक्कम मापकयंत्र तयार केलें आणि १९१० सालीं तें पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर नेलें. सुमारें तीनशें मीटर उंचीवर जमिनीचे किरण जवळजवळ नाहींसे व्हावयास हवे होते. परंतु पायथ्याशीं जेथें यंत्रांत दर घनसेंटिमीटरला सेकंदाला सहा विद्युद्भारित कण होत, तेथें माथ्यावर साडेतीन झाले. आंकडा घटला खरा, पण अपेक्षेइतका नव्हे.

पुढच्याच वर्षीं इटलींत डोमेनिको पाचिनी ह्यांनीं उलट दिशा धरली. लिव्हॉर्नोजवळच्या समुद्रांत त्यांनीं यंत्र तीन मीटर खोल बुडविलें. आंकडा सुमारें एक पंचमांशानें उतरला. किरण जर खालूनच येत असते तर वरच्या पाण्यानें तो उतरण्याचें कारण नव्हतें. अर्थात् कांहीं किरण वरून येत होते आणि पाणी त्यांस अडवीत होतें. अखेरचा निकाल व्हिक्टर हेस ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें दिला. ७ ऑगस्ट १९१२ रोजीं हायड्रोजनच्या विमानांत, म्हणजे फुग्यांत, बसून तो पांच किलोमीटरांहून अधिक उंच गेला. आरंभीं आंकडा किंचित् उतरला. नंतर तो स्थिर होऊन चढूं लागला, आणि वर पोंचेपर्यंत भूमीवरील आंकड्याच्या दुपटीहून अधिक झाला. हे आकाशांतून येणारे विश्वकिरण. ह्या शोधाबद्दल १९३६ सालीं हेस ह्यास नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे मुंबईस जन्मलेले डॉ. होमी भाभा ह्यांनींही १९४४ च्या सुमारास बंगळूर येथें अमेरिकन वायुदलाच्या विमानांतून आपलीं यंत्रें सुमारें तीस हजार फुटांपर्यंत चढवून ह्या किरणांचा अभ्यास केला. पुढें १९४५ सालीं त्यांनीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें तेंच कार्य मोठमोठे फुगे उडवून चालविलें.

ह्यावरून एक गोष्ट निश्चित झाली. उंचीवरचा आंकडा ही दोन प्रवाहांची बेरीज आहे. खालून येणारा प्रवाह वर जातांना क्षीण होतो. वरून येणारा प्रवाह वर जातांना प्रबळ होतो. विश्वकिरणांची मात्रा डोंगरी प्रदेशांत दर दीड हजार मीटर चढणीस ढोबळ मानानें दुप्पट होते. विमानांतील दोन-तीन मायक्रोसीव्हर्ट ते हेच. नागपूर-मुंबई एवढ्या प्रवासांत त्यांची मात्रा एका दिवसाच्या नैसर्गिक मात्रेहून कमीच भरते, म्हणून तेवढ्यानें कोणीं घाबरूं नये. आणि त्याच न्यायानें दुसरेंही ध्यानांत घ्यावें : दहा किलोमीटर उंचीवर खालच्या भूमीचा प्रवाह पूर्णपणें संपलेला असतो. त्या उंचीवरच्या यंत्राला खालीं नाचणगांवची स्वच्छ काळी माती आहे कीं एखाद्या अणुअपघातानें दूषित झालेला प्रांत आहे, हें मुळींच ओळखतां यावयाचें नाहीं.

खालचा प्रवाह क्षीण कसा होतो, हें समजण्यास आपल्याच घरचा दृष्टांत पुरे. काळोख्या वाड्यांत एकच समई तेवत आहे अशी कल्पना करा. तिच्यापासून दुप्पट दूर गेलें तर प्रकाश निम्मा होत नाहीं, चौथाई होतो. दसपट दूर गेलें तर शतांश. एकाच ठिकाणीं पडलेल्या किरणोत्सर्गी वस्तूचें असेंच असतें. एक मीटरवर जो आंकडा, तो शंभर मीटरवर दहा हजारांश, आणि मधली हवा आणखी कांहीं गिळते तें वेगळेंच. आतां त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्रीं नदीचा सबंध घाट पणत्यांनीं भरला आहे असें समजा. तुम्ही घाटावरच्या माडीवर चढलां तर पायाजवळच्या पणत्या दूर जातात खऱ्या, पण पूर्वीं नजरेच्या टप्प्यांत नसलेल्या शेंकडों पणत्या दिसूं लागतात. त्यामुळें उजेड फार हळूहळू कमी होतो. विस्तीर्ण प्रदेशावर पसरलेल्या दूषित धुळीचें हें रूप. तेथें आंकडा उतरतो तो मुख्यतः धुक्यासारखी आड येणाऱ्या हवेमुळें. सीझियम-१३७ ह्या द्रव्याचे थेट किरण निम्मे करण्यास सुमारें पंचाहत्तर मीटर हवा लागते. म्हणून अशा भूमीवर शंभर मीटर उंचीवर आंकड्याचा दहावा हिस्सा तरी शिल्लक असतो, आणि तीनशें मीटरांपलीकडे तो झपाट्यानें नाममात्र होत जातो.

उंची ही ढाल आहे. पण ती पुरेल कीं नाहीं हें खालचा अग्नि किती प्रखर आहे ह्यावर अवलंबून. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें फुटलेल्या अणुभट्टीवर वाळू, चिकणमाती, बोरॉन व शिसें टाकण्यासाठीं हेलिकॉप्टरें जात. वैमानिक सुमारें दोनशें मीटर उंचीवर असत, तरी तेवढी हवा त्यांस पुरेशी नव्हती. किरण खालून येतात हें ओळखून त्यांनीं आपल्या बैठकीखालीं शिशाचे पत्रे अंथरले होते.

ह्या ज्ञानाचा उपयोग दूषित प्रदेशाचा नकाशा काढण्याकडे होतो. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंप व समुद्रलाट आली आणि फुकुशिमा दाइइचि येथील अणुवीजकेंद्र बिघडून सीझियम दूरवर पसरलें. पुढच्याच महिन्यांत जपानी शासनाचें शिक्षण व विज्ञान खातें आणि अमेरिकेचें ऊर्जा खातें ह्यांनीं दीडशें ते तीनशें मीटर उंचीवरून उड्डाणें करून मोजणी केली. विमानांतला आंकडा नकाशावर जसाच्या तसा कोणी मांडला नाहीं. विश्वकिरणांचा वाटा वजा केला, मधल्या हवेनें गिळलेला भाग जमेस धरला, आणि भूमीपासून एक मीटर उंचीवर माणसास काय लागेल असा हिशेब करून तो मांडला. तरीही त्या नकाशाची एक मर्यादा होती. विमानाखालीं तीनशें ते सहाशें मीटर व्यासाचें जें वर्तुळ, त्या सबंध वर्तुळाची ती सरासरी असते. माडीवरून पाहणाऱ्यास घाटाचा एकंदर उजेड कळतो. एका कोनाड्यांत भडकलेली मशाल त्या उजेडांत मिसळून जाते.

अशा मशाली तेथें खरोखरच होत्या. छपरावर पडलेली धूळ पावसानें धुऊन निघाली आणि वळचणीखालीं, पागोळ्या पडतात तेथें, गटाराच्या तोंडाशीं, शेवाळांत सांचली. घरच्या दारांत हातभर जागा शेजारच्या अंगणाहून कितीतरी अधिक तापलेली, आणि आकाशांतल्या यंत्रास तिची दादही नाहीं. ह्यांत लहान मुलांचा प्रश्न विशेष नाजूक आहे. वडील माणसाची छाती जमिनीपासून मीटरभराहून वर असते. रांगतें किंवा मातींत खेळतें मूल त्या जागेच्या निम्म्याहून जवळ असतें. सारख्या पसरलेल्या धुळीवर ह्या फरकानें फारसें बिघडत नाहीं, पण लहानशा डागावर समईचा नियम लागतो : अंतर निम्में झालें कीं मात्रा चौपट. जपानी शासनानें शाळांचीं पटांगणें तपासतांना हा विचार केला. बालवाड्या व प्राथमिक शाळांत मोजणी पन्नास सेंटिमीटर उंचीवर आणि वरच्या वर्गांच्या शाळांत एक मीटर उंचीवर घेतली. मुलाच्या उंचीवर वांकून मोजणें, ही ह्या शास्त्रांतील एक मोठी शहाणपणाची गोष्ट आम्हांस वाटते.

आतां जळाकडे वळूं; कारण खरा धोक्याचा भ्रम येथेंच आहे. पंचाहत्तर मीटर हवा जेवढे किरण अडविते, तेवढेच अडविण्यास केवळ आठ सेंटिमीटर पाणी पुरतें. चार बोटें रुंदीचा हा थर ! मीटरभर खोल पाण्याखालचा गाळ कितीही दूषित असला तरी त्याचे किरण पृष्ठभागापर्यंत जेमतेम पोंचतात. आणि दूषित द्रव्य पाण्यांत मिसळलेलें असेल तर केवळ वरच्या हात-दीड हाताचा थर वर किरण पाठवितो. त्याखालचें सर्व पाणी स्वतःचेंच दूषण स्वतः झांकून बसतें. म्हणूनच विस्तीर्ण जलाशयावर यंत्र नेलें कीं आंकडा उतरतो. विमानांतून मोजणी करणारे तर ह्याचा मुद्दाम उपयोग करतात : मोठ्या तलावावरून किंवा समुद्रावरून उडून, भूमीचा वाटा वगळतां आकाशाचा व विमानाचा स्वतःचा वाटा किती, तें ठरवितात.

पण ह्या उतरलेल्या आंकड्यावरून पाणी निर्दोष आहे असें म्हणणें म्हणजे झांकण घातलेल्या भांड्याचा वास आला नाहीं म्हणून आंतलें दूध नासलें नाहीं असें म्हणण्यासारखें आहे. फुकुशिमा प्रांतांत नामिए येथें ओगाकि नांवाचें धरण आहे. डोंगरांवरून वाहून आलेल्या मातीला चिकटून पुष्कळ सीझियम त्याच्या तळाच्या गाळांत जाऊन बसलें. वरचें पाणी किरणांस अडवितें, म्हणून जलाशयावर यंत्र धरून ह्या सांठ्याचा अंदाज येत नाहीं. तेथें पाण्याचे नमुने घ्यावे लागतात, गाळ उपसून तपासावा लागतो, मासे तपासावे लागतात. समुद्राचेंही तेंच. आमच्या विदर्भांतील वाचकांस आणखी एक गोष्ट सहज कळेल. उन्हाळ्यांत वर्धा नदीचें पात्र कसें आकसतें आणि गांवतळीं कशीं तळ उघडे टाकतात, तें आपण दरसाल पाहतों. पाण्याची ढाल ही हंगामी ढाल आहे. ती आटली कीं गाळ उघडा पडतो, आणि पावसाळ्यांतला आंकडा वैशाखांत खरा राहत नाहीं.

न्यायशास्त्र शिकलेल्या वाचकांस येथें जुन्या पाठशाळेंतील उदाहरण आठवेल. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि आहे, हें अनुमान शुद्ध. परंतु धूर दिसत नाहीं, म्हणून अग्नि नाहीं, हें अनुमान अशुद्ध. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो आणि धूर नसतो. उंचावरून किंवा जळावरून घेतलेला लहान आंकडा हा त्या लोहगोलासारखा समजावा. मोठा आंकडा सापडला तर कारण शोधावें. लहान सापडला तर तो कोठून घेतला तें आधीं पाहावें, आणि मगच निःशंक व्हावें.

आपल्या देशांत ह्या विवेकाची परंपरा चांगली आहे. युरेनियमच्या शोधासाठीं विमानांतून किरणमोजणी १९५० नंतरच्या दशकांतच सुरू झाली. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें हेलिकॉप्टरांत बसविण्याजोगी मोजणीची यंत्रणा तयार केली आहे, आणि देशभर ठिकठिकाणीं भूमीवरील मापक बसवून त्यांचें जाळें विणलें आहे. पालघर जिल्ह्यांतील तारापूरचें वीजकेंद्र १९६९ सालीं चालू झालें. तेथील पर्यावरण प्रयोगशाळा समुद्राचें पाणी, गाळ व मासे हीं प्रत्यक्ष घेऊन तपासते. पाण्यावर यंत्र धरून कोणी समाधान मानीत नाहीं. आणि २०१० च्या एप्रिलांत दिल्लीच्या मायापुरी भागांत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतील एक जुनें यंत्र भंगारांत जाऊन त्यांतील कोबाल्ट-६० उघडें पडलें, कामगारांस इजा झाली व एकाचा मृत्यूही झाला, त्या वेळीं तज्ज्ञांस हातांत यंत्र घेऊन दुकानादुकानांतून हिंडावें लागलें. ती एकेकट्या समयांची गोष्ट होती. तिला जवळ जाण्यावांचून उपाय नव्हता.

तात्पर्य, किरणोत्सर्गाचा आंकडा कोणीं सांगितला कीं गृहस्थानें व गृहिणीनें पांच प्रश्न विचारावे. यंत्र भूमीपासून किती उंचीवर होतें ? खालीं जमीन होती कीं पाणी ? त्या गांवचा नेहमींचा आंकडा किती आहे ? मोजणी एका जागीं घेतली कीं अनेक जागीं ? आणि नुकताच पाऊस पडून गेला होता काय ? शेवटच्या प्रश्नाचें कारण असें कीं, हवेंतील रेडॉन वायूपासून झालेलीं द्रव्यें सरीबरोबर खालीं येतात आणि कांहीं वेळ आंकडा वाढलेला दिसतो. तीं द्रव्यें अल्पायुषी असल्यामुळें दोन-चार तासांत तो आपोआप पूर्ववत् होतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर यंत्र चढलें म्हणून कोणीं बायकामुलांस घेऊन गांव सोडूं नये.

ह्याखेरीज दोन नियम लक्षांत ठेवावे. पिण्याच्या पाण्याविषयीं, दुधाविषयीं किंवा माशांविषयीं शंका आली तर त्यांच्यावर यंत्र धरून निर्णय करूं नये. नमुना प्रयोगशाळेंत जावा, कारण पोटांत जाणाऱ्या द्रव्याचा हिशेब अंगणांतल्या हवेच्या आंकड्यानें होत नसतो. आणि भंगारांत अनोळखी, जड, धातूचें बंद नळकांडें सांपडलें तर तें उघडूं नये, घरांत आणूं नये. दूर सरून पोलिसांस कळवावें. दहा पावलें मागें सरल्यानें जें संरक्षण मिळतें, तें देणारें औषध कोणत्याही वैद्याजवळ नाहीं.

मुलांना शाळेंत आपण गणित शिकवितों तेव्हां उत्तराबरोबर एकक लिहिलें नाहीं तर गुण कापतों. किरणोत्सर्गाच्या बाबतींत एककाबरोबर उंची आणि खालचा आधारही लिहावयास शिकवावें. एवढी एक संवय घराघरांत रुजली तर भीतीही योग्य जागींच वाटेल आणि धीरही योग्य जागींच.